ओढ्याचा तास

बाईंनी पाच वर्षांत मला एकदाही नावानं हाक मारली नाही. त्या मला 'गणित' म्हणायच्या. "अहो गणित, जरा हे भिंग धरा." "गणित, डब्यात आज काय आणलंय?" भूगोलाच्या सरांना त्या 'भूगोल' म्हणत, मराठीच्या मॅडमना 'मराठी'. मुख्याध्यापकांना मात्र 'साहेब', कारण कार्यालयाच्या कागदांपुढे त्यांच्याकडे शिकवायला कुठला विषयच उरला नव्हता. एकदा मी धीर करून विचारलं, की बाई, हे असं का? त्या म्हणाल्या, "आपल्या शाळेत विषय एकमेकांशी बोलत नाहीत. निदान मी तरी त्यांना हाका मारते."

स्वतः त्या विज्ञान शिकवतात, असं वेळापत्रकात लिहिलेलं होतं. मुलं पाठीमागे त्यांना 'ओढाबाई' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं. एका घाईच्या सकाळी हजेरीपटावर सहीच्या जागी त्यांनी स्वतःच 'ओढाबाई' लिहिलं, असं आमचे शिपाईमामा शपथेवर सांगायचे.

आमची शाळा मुळशीत, नांद्याच्या पुढं. एका बाजूला भातखाचरं, दुसऱ्या बाजूला खाचरं बुजवून उभ्या राहिलेल्या बारा-बारा मजली इमारती, आणि या दोन्हींच्या मधून, शाळेच्या मागच्या भिंतीला घासून जाणारा ओढा. डोंगरावर निघायचा, वाडीखालून यायचा, पिठाच्या गिरणीमागून वळायचा आणि पुढं नदीला मिळायचा. उन्हाळ्यात त्यात घोटाही बुडत नसे. जुलैत तो असा काही यायचा, की मागच्या वर्गांत ओरडून शिकवावं लागे.

मी तिथं शिक्षणसेवक म्हणून लागलो. म्हणजे तीन वर्षं सगळ्यांना बरं वाटेल असं वागायचं आणि मग कायम व्हायचं. पहिल्या दिवशी पुण्याहून दुचाकीवर आलो, घसा कोरडा पडला होता. शिक्षकखोलीत टेबलावर पाण्याच्या सहा बाटल्या ओळीनं मांडलेल्या. त्यांतली सगळ्यात स्वच्छ दिसणारी उचलून मी तोंडाला लावणार, तोच कोपऱ्यातून आवाज आला.

"ती नको. तिच्यात दोघं राहतात."

मी बाटली उजेडात धरली. तळाशी तपकिरी रंगाचे दोन किडे बसले होते आणि माझ्याकडेच बघत होते.

"चतुराची पिल्लं आहेत," बाई म्हणाल्या. "पाणी बिघडलं की आधी हीच जातात. म्हणजे तुम्ही निवडलेलं पाणी चांगलं होतं. पण राहणाऱ्यांना विचारल्याशिवाय प्यायचं नाही. तुम्ही नवीन गणित ना?"

मी हो म्हणालो, आणि गणित झालो.

बाईंची उंची बेताची. सुती साडी घोट्याच्या बरीच वर खोचलेली आणि खाली गुडघ्यापर्यंत काळे रबरी बूट. पावसाळा असो नसो, बूट असत. पर्समध्ये चहाची गाळणी, शिंप्याची टेप, लिटमसचे कागद आणि दोन-तीन लिंबं. गाळणी किडे धरायला, लिंबं पाण्याचा वेग मोजायला. लिंबू अर्धं बुडून तरंगतं, वाऱ्यानं हलत नाही, आणि वाहून गेलं तरी कचरा होत नाही, असं त्यांचं म्हणणं. एका विद्यार्थ्याच्या बहिणीच्या लग्नात नवरीला द्यायचं पाकीट शोधताना त्यांनी पर्समधून गाळणी काढून नवरीच्या हातात ठेवली होती. नवरीला वाटलं, हाच आहेर. बाईंनी दुरुस्ती केली नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वतःसाठी नवीन गाळणी घेतली आणि म्हणाल्या, "एक गाळणी डोंगरापलीकडच्या गावात गेली. तिकडचंही पाणी बघून घेईल ती."

त्यांच्या वर्गात 'पर्यावरण' या शब्दाला बंदी होती. जो बोलेल त्यानं फळा पुसायचा. याचं मूळ एका चित्रकला स्पर्धेत होतं. विषय नेहमीचा, पर्यावरण वाचवा. चाळीस मुलांनी चाळीस पृथ्व्या काढल्या आणि चाळीसही पृथ्व्या रडत होत्या. परीक्षक म्हणून बसलेल्या बाई एकेक चित्र बघत शेवटपर्यंत गेल्या आणि मुलांना म्हणाल्या, "पृथ्वीला डोळे कुठून आले? आणि एवढं पाणी डोळ्यांतून गेलं तर ते शेवटी जातं कुठं, ते का नाही काढलं कुणी?" बक्षीस कुणालाच मिळालं नाही. त्याऐवजी त्यांनी चाळीसही जणांना शाळेमागे नेलं, ओढ्याच्या काठावर बसवलं आणि समोर दिसतंय तेवढंच काढायला लावलं. साबणाचा फेस, दगडावरचा शेवाळाचा पट्टा, अडकलेली दुधाची पिशवी, बगळा. त्या चित्रांत कुणी रडत नव्हतं, पण बघणारा दुधाच्या पिशवीपाशी थांबायचा.

तिथून ओढ्याचा तास सुरू झाला. वेळापत्रकात तो नव्हता. आठवड्यातून एकदा बाई कुठल्यातरी दोन शिक्षकांचे तास उचलत आणि नववीचा वर्ग ओढ्यावर नेत. भूगोलाला त्यांनी उगमापासून नकाशा काढायला लावला. मराठीच्या मॅडमना मुलांबरोबर घरोघर पाठवून म्हाताऱ्या माणसांकडून ओढ्याच्या आठवणी लिहून आणवल्या. मला विचारलं, "गणित, वर्तुळाचं क्षेत्रफळ कुठं शिकवणार?"

"वर्गात," मी म्हणालो.

"कशाचं?"

"वर्तुळाचं."

बाईंनी माझ्याकडे इतक्या कळवळ्यानं पाहिलं, की पुढच्या मंगळवारी मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभा होतो.

तिथला गोंधळ मला अजून हवाहवासा वाटतो. दहा मीटरचं अंतर दोन काठ्यांनी आखलेलं, वरच्या काठीपाशी एक मुलगी लिंबू सोडणार, खालच्या काठीपाशी मी घड्याळ घेऊन. लिंबू सुटलं की पंचवीस पोरं काठानं त्याच्याबरोबर धावत. लिंबू दगडाला अडकलं की हळहळ, सुटलं की आरोळी. तीन फेऱ्यांनंतर मीही धावायला लागलो होतो आणि घड्याळ बंद करायचं विसरलो होतो. "गणित पळालं," बाई मुलांना म्हणाल्या, "तुम्ही मोजा." वेग, खोली, रुंदी, त्यावरून दर मिनिटाला किती पाणी जातं, हे सगळं मुलांनी ओल्या वह्यांत सोडवलं. गणितात कायम काठावर असलेला एक मुलगा त्या दिवशी फळ्यापाशी यायला भांडला. फळा म्हणजे गिरणीची मागची भिंत.

एकदा तपासणीला विस्तार अधिकारी आले. त्यांनी बाईंची टाचण वही मागितली. पाठाचं टाचण तीत रोज लिहायचं असतं. महिनाभराच्या पानांवर एकच शब्द होता.

"बाई, घटक कोणता म्हणायचा हा?"

"ओढा."

"आणि उपघटक?"

"पाणी, गाळ, खेकडे, गिरणी आणि आमचे अध्यक्ष."

साहेबांच्या, म्हणजे मुख्याध्यापकांच्या कपाळावर घाम आला. अधिकारी म्हणाले, वर्ग दाखवा. वर्ग ओढ्यात होता. ते काठावर उभे राहिले आणि त्यांनी वैष्णवी नावाच्या मुलीला विचारलं, "बाळा, प्रदूषण म्हणजे काय?"

वैष्णवी आमच्या संस्थेच्या अध्यक्षांची पुतणी, वर्गातली सगळ्यात स्पष्टवक्ती. तिनं गुडघाभर पाण्यातून वर बघितलं आणि विचारलं, "कुठल्या दगडाखालचं सांगू?"

तासाभरानं अधिकारी बूट हातात घेऊन लिंबू सोडत होते. शेऱ्यात त्यांनी काय लिहिलं ते साहेबांनी आम्हाला दाखवलं नाही, पण बाईंची बदली झाली नाही, त्यावरून अंदाज आला.

खेकड्यांच्या पाठासाठी बाईंनी वाडीवरच्या मावशींना बोलावलं. मावशी डोंगरावरून रानभाजी आणि खेकडे घेऊन खाली विकायला येत. बाईंनी साहेबांची खुर्ची वर्गात आणवून मावशींना तीवर बसवलं आणि स्वतः पोरांत, बाकावर वही उघडून बसल्या. मावशी आधी लाजल्या, मग टोपलीतला एक खेकडा उचलून त्यांनी उताणा केला.

"ह्यो नर. ह्याचं पोट अरुंद आस्तंय. ही मादी, हिचं रुंद. पोटाला पिलं आसली तर आमी हिला सोडून देतो. न्हाई सोडली तर फुडल्या साली काय दगडं शिजवायची?"

"प्रजननकाळात शिकारीवर निर्बंध," बाई वहीत लिहिता लिहिता पुटपुटल्या.

"व्हय, त्येच," मावशी म्हणाल्या. "पर आता लई कमी झालंय. आदी दगूड हलवला की खेकडा घावायचा. आता हलवून हलवून हात भरून येत्यात."

मग मुलांनी शंभर दगड उलटून बघायचं ठरवलं. डोंगराजवळच्या टप्प्यात बरे मिळाले. शाळेमागच्या शंभर दगडांखाली दोन. वैष्णवीनं शंभरावा दगड जागेवर ठेवला आणि तिचा चेहरा रडवेला झाला. बाईंचा एक नियम होता, मोजल्याशिवाय रडायचं नाही. त्या तिच्याजवळ गेल्या. "मोजलंस ना नीट? मग आता रडायला हरकत नाही. सगळ्यांनी रडा. दोन मिनिटं. गणित, घड्याळ लावा." पंचवीस मुलं पाण्यात उभी राहून रडायचा प्रयत्न करायला लागली. चाळीस सेकंदांत कुणालातरी हसू फुटलं आणि मग कुणालाच थांबवता येईना. मी वेळ थांबवली. "उरलेलं एक मिनिट वीस सेकंद परत कधीतरी लागेल," बाई म्हणाल्या आणि दोनाचे शंभर कसे होतील यावर फळा भरला. म्हणजे गिरणीची भिंत.

हल्ली बाई निवृत्त आहेत आणि जांबे गावात एका शेतकऱ्यानं बांधलेल्या पाच मजली चाळवजा इमारतीत खोली घेऊन राहतात. बाकी सगळे भाडेकरू हिंजवडीत कामाला जाणारे. त्यांच्यातल्या निम्म्यांना मराठी येत नाही आणि बाईंचं हिंदी ऐकवत नाही. तरी गच्चीवर कापलेल्या बाटल्या लावून रोजचा पाऊस मोजायची पाळी मजल्यांनुसार ठरलेली आहे आणि कुणी चुकवत नाही. मी कधी गेलो तर जिन्यातच एखादा संगणकवाला मला अडवून सांगतो, "सर, आज हमारा फ्लोअर है."

पण मला सांगायचंय ते पाइपांचं.

माझ्या नोकरीचं तिसरं वर्ष होतं. टेकडीवर एक मोठा गृहप्रकल्प येणार होता. त्याच्या रस्त्याला ओढा ओलांडायचा होता, अगदी शाळेमागे, गिरणीच्या खालच्या अंगाला. ठरलं असं, की ओढ्यात सिमेंटचे दोन पाइप टाकायचे, वर भराव घालायचा, झाला रस्ता. आमचे अध्यक्ष यात पुढं होते. ते गावातले जुने जमीनदार शेतकरी, निम्मी जमीन विकलेली, उरलेल्या निम्मीवर खोल्या बांधून भाड्यानं दिलेल्या. आवाज मोठा, मन वाईट नाही. बाईंना या शाळेत त्यांनीच आणलं होतं. नवा रस्ता त्यांच्या शेताच्या कडेनं जाणार होता, तेव्हा ते खुशीत असणं साहजिक होतं.

दोन पाइप ट्रकमधून उतरले त्या दिवशी बाईंनी मुलांना टेप दिली. मुलांनी पाइपाचा व्यास मोजला. मग गिरणीच्या भिंतीवरची जुन्या पुराची रेघ शोधली. ती खरी का, हे बघायला पाच म्हाताऱ्यांना वेगवेगळं विचारलं. चौघांनी तीच उंची दाखवली, पाचव्या आजोबांनी गिरणीचं छप्पर दाखवलं. "त्यांचा पूर लिहून ठेवा," बाई म्हणाल्या, "पण सरासरीत धरू नका." त्या जुलैचा वेग मुलांकडे होताच. हिशेब माझ्याकडे आला. मी तो तीनदा केला, आणि तिसऱ्यांदा तरी चूक निघावी अशी माझी मनापासून इच्छा होती, कारण माझा कायम होण्याचा कागद अध्यक्षांच्या सहीसाठी पडून होता. चूक निघाली नाही. पुराला लागणाऱ्या वाटेचा चौथा हिस्साही त्या दोन पाइपांत मावत नव्हता. उरलेलं पाणी मागे फुगणार होतं. मागे गिरणी आणि आमचे खालचे चार वर्ग.

साहेबांनी बाईंना लेखी समज दिली, की शाळेच्या सेवकांनी शाळाबाह्य विषयावर जाहीर बोलू नये. बाईंनी ती वाचली, लाल पेननं 'वीषयावर'मधली दुसरी वेलांटी खोडून पहिली दिली आणि खाली सही करून परत दिली. त्यांची निवृत्ती तीन वर्षांवर होती. मी त्यांना म्हणालो, "बाई, पेन्शन अडकेल."

"म्हणूनच मी बोलणार नाही. मुलं बोलतील," त्या म्हणाल्या. "तुम्ही फक्त त्यांच्या शेजारी उभे राहा. आकडे विचारले तर खरे सांगा. जमेल?"

मी जमेल म्हणालो. बाईंना नाही म्हणायला लागणारी ताकद माझ्यात नव्हती, एवढंच त्याचं कारण होतं.

ऑगस्टातली ग्रामसभा समाजमंदिरात भरली. एरवी ग्रामसभेला वीस माणसं जमत नाहीत. त्या दिवशी मुलांनी आयाबापांना ओढून आणलं होतं, दीड-दोनशे माणूस खाली बसलेलं. मावशी पण होत्या, दाराशी टोपली ठेवून. बाईंनी त्यांना तज्ज्ञ म्हणून बोलावलं होतं आणि तज्ज्ञ सभेवरून थेट बाजाराला जाणार होत्या. वैष्णवीनं फळ्यावर ओढा काढला, पाइप काढला, क्षेत्रफळ काढलं. मी शेजारी खांबासारखा. पाय आर स्क्वेअरपर्यंत पोचेतो अर्ध्या सभेचे डोळे मिटायला लागले.

अध्यक्ष प्रेमानं म्हणाले, "शाब्बास पोरी. लई हुशार हायेत आमची पोरं. आता बसा. इंजिनेरानं बगितलंय ते समदं."

वैष्णवीनं बाईंकडे बघितलं. बाई उठल्या. साहेबांनी डोळे मिटून घेतले.

"चहा बाहेर आहे," बाई म्हणाल्या. "भजी गरम आहेत."

एवढंच बोलून त्या बसल्या. समाजमंदिराला चार दारं. तीन दारांना मुलांनी मघाशीच कड्या घातल्या होत्या आणि चौथ्याची एक झडप लावून घेतली होती, हे त्या क्षणी कुणाच्या ध्यानात आलं नाही. दीडशे माणूस भज्यांच्या वासाच्या दिशेनं उठलं आणि त्या अर्ध्या दारावर जाऊन थडकलं. पुढचे अडकले, मागचे रेटत राहिले. अध्यक्ष मान म्हणून सगळ्यांच्या पुढं होते, त्यामुळे तेच बरोबर उंबऱ्यावर रुतले, एका बाजूला सरपंच आणि दुसऱ्या बाजूला माजी सरपंच. त्या दोघांचं एकमेकांशी बोलणं नव्हतं. तेवढ्यात कुणाचातरी पाय मावशींच्या टोपलीला लागला आणि पंधरा-वीस खेकडे त्या गर्दीच्या पायांत पसरले. मग जे काही झालं त्याला सभा म्हणता येणार नाही. माणसं एका जागी अडकून उड्या मारत होती. मावशी ओरडत होत्या, "पाय देऊ नगा, मादी हाय ती, सोडायचीय मला." सगळ्यात आधी दाराबाहेर पडला तो खेकडा.

वैष्णवी बाकावर चढली आणि तिनं शांतपणे हाक मारली, "काका."

अध्यक्षांनी मान वळवायचा प्रयत्न केला.

"हा पाइप हाय," ती म्हणाली. "तुमी पाणी हायेत. आन् मागं सगळ्यात पयली आपली गिरणी हाय."

मग दाराबाहेर, सुटून गेलेल्या कुणालातरी हसू आलं आणि ते आत पसरलं. अध्यक्षांच्या एका बाजूला सरपंच हसत होते, दुसऱ्या बाजूला माजी सरपंच, आणि दोघांच्या मधे दबलेल्या अध्यक्षांचं पोट आपोआप हलत होतं. मुलांनी कड्या काढल्या. चारही दारांतून सभा दहा सेकंदांत रिकामी झाली. हेही वैष्णवीनं घड्याळ लावून मोजलं.

चहा पिताना अध्यक्ष माझ्याजवळ आले. कोपराला खरचटलं होतं. "गणितवाले सर, किती मोठी वाट पायजे पाण्याला?"

मी आकडा सांगितला. खराच सांगितला. ते बराच वेळ भजी चघळत राहिले. मग म्हणाले, "माज्या आज्ज्यानं बांदलीय ती गिरणी," आणि निघून गेले.

पाइप महिनाभर तिथंच पडून राहिले, त्यांत शेळ्या बसायच्या. मग एके दिवशी ट्रक आला आणि ते घेऊन गेला. अध्यक्षांनी प्रकल्पवाल्यांशी काय बोलणी केली कुणास ठाऊक, त्यांचा आवाज मोठा होता एवढं मी सांगितलंच आहे. पाइपांच्या जागी छोटा पूल आला, आम्ही सांगितलेल्या मापाचा. माझ्या कागदावरही सही झाली. सही करताना ते म्हणाले, "तुमचं गणित बरुबर हाय का न्हाई ते पूर आल्यावर कळंल. तवर तुमी पळून जाऊ नये म्हणून कायम करतोय."

मे महिन्यात पूल पुरा झाला. मुलांनी त्याच्या भिंतीवर तांबड्या रंगानं रेघ मारली. गेल्या जुलैइतका पाऊस झाला तर पाणी इथवर येईल, छताच्या दोन वीत खाली, असा आमचा हिशेब होता.

जुलैत चार दिवस डोंगर दिसला नाही. पाचव्या दिवशी सकाळी ओढा असा गर्जत आला, की साहेबांनी शाळा सोडून दिली आणि शाळा घरी न जाता पुलावर गेली. गावही आलं. छत्र्या, इरली, डोक्यावर घेतलेली पोती. पाणी पुलाखाली शिरलं, घोंगावलं आणि पलीकडून बाहेर पडलं. गिरणीचा उंबरा कोरडा. वर्ग कोरडे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांनी भर पावसात माझा हात धरून इतका हलवला, की माझी छत्री ओढ्यात गेली आणि पलीकडून व्यवस्थित बाहेर आली. त्यावरही टाळ्या झाल्या.

बाई टाळ्या वाजवत नव्हत्या. काठाशी वाकून त्या रेघ शोधत होत्या.

"गणित," त्या म्हणाल्या, "चुकलंय."

"बाई, गेलं की पाणी."

"गेलं. पण आपण सांगितलं तिथून नाही गेलं. रेघ बुडालीय."

खरंच बुडाली होती. पाणी रेघेच्या वीतभर वर होतं. वैष्णवी पळत जाऊन शाळेच्या गच्चीवरच्या बाटलीतला पाऊस बघून आली. गेल्या वर्षीइतकाच, किंचित कमी. मी पुलाच्या कठड्यावर वही टेकवून पुन्हा हिशेब केला, शाई पसरत होती. रुंदी तीच, उतार तोच. पाऊस तेवढाच आणि पाणी जास्त.

"बाई," वैष्णवी म्हणाली, "पाणी लाल हाय."

गेल्या वर्षी ते मातकट होतं. आता विटांच्या रंगाचं होतं. आम्ही सगळ्यांनी एकदमच वर बघितलं. ढग जरा फाटले होते आणि त्यातून टेकडी दिसत होती. वर्षभरात प्रकल्पाचे रस्ते झाले होते, सपाटीकरण झालं होतं, गवत आणि झुडपं गेली होती. कुणीतरी साल काढावी तशी ती लालभडक उघडी पडली होती. पूर्वी जो पाऊस तिच्या अंगात मुरायचा, तो आता थेट आमच्याकडे येत होता.

"म्हंजी फुडल्या साली आणखी वर येनार?" अध्यक्षांनी विचारलं.

बाई बुडालेल्या रेघेच्या जागेकडेच बघत होत्या. बुटांत पाणी शिरत होतं आणि त्यांना कळत नव्हतं. आपण वर्षभर ओढा मोजला आणि डोंगर हललाच नसेल असं धरून चाललो, हे त्यांच्या चेहऱ्यावर अगदी साध्या अक्षरांत लिहिलेलं होतं.

मग वैष्णवीनं विचारलं, "बाई, आता डोंगर मोजायचा का?"

बाईंनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांच्या तोंडाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

"गणित, रेषेचा चढ कधी शिकवणार?"

"दिवाळीनंतर आहे, बाई."

"उद्या घ्या."

दुसऱ्या दिवशी पावसाची उघडीप होती. दहावीचा वर्ग टेकडीवर भरला. प्रकल्पाच्या पहारेकऱ्यानं आम्हाला अडवलं, तेव्हा मागून धापा टाकत, धोतर वर खोचलेले अध्यक्ष आले आणि म्हणाले, "पोरं अब्यास करत्यात, बाजूला व्हा." पहारेकरी बाजूला झाला. चिखलात पाय रुतत होते, भूगोल दोनदा घसरून पडले, मराठीच्या मॅडम त्यांना उठवता उठवता स्वतः बसल्या. पंचवीस मुलं उतारभर पसरली होती. मोजायच्या दोराचं वरचं टोक माझ्याकडे आणि खालचं, दुसऱ्या कुणाला त्यांनी धरू दिलं नाही म्हणून, अध्यक्षांकडे. मधल्या लाल उतारावर दोन्ही हात पसरून उभ्या असलेल्या बाई भर वाऱ्यात ओरडत होत्या, "ताणा, गणित, ताणा. अध्यक्ष, तुम्हीही. झोळ पडला तर डोंगर आहे त्याहून मोठा दिसेल."